एकतीस नंबरची स्लाइड

“मॅडम, हेडमास्तर सापडले!”

लोखंडी कपाटांच्या मागून मगदूममामांचा आवाज आला. मी स्टुलावर बसून जुनं रजिस्टर चाळत होते. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत कोळ्याचं जाळं अडकलं होतं आणि चिमटीत मेणाचा एक चपटा चौकोनी तुकडा होता, आगपेटीच्या निम्म्याएवढा.

“नंबर वाचा बघू. माझा चष्मा टेबलावर राहिला.”

मी वाचला. जुळत होता.

“अकरा वर्षं इथं अंधारात बसलेत बिचारे,” मामांनी तो तुकडा तळहातावर घेतला, “कुणी बोलवायला येतंय का बघत.”

हेडमास्तर तसे हयात होते, तासगावला राहत होते. चार वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला, चाल आखडली आणि पार्किन्सन्सचं निदान झालं. त्याच्याही सात वर्षं आधी, पोटाच्या कसल्याशा तक्रारीसाठी, आमच्याच दवाखान्यात दुर्बिणीतून त्यांच्या मोठ्या आतड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला होता. रिपोर्टवर ‘विशेष काही नाही’ असं लिहून आमच्या खात्यानं तो मेणात घातला आणि कपाटात ठेवून दिला. त्यात काय बघायचं असतं, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, पद्मजा कोरे, गडहिंग्लजहून मिरजेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीचं एम.डी. करायला आले होते. दुसरं वर्ष चालू होतं. प्रबंधाचा विषय आमच्या विभागप्रमुख नाडगौडा मॅडमनी दिला होता. पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार, एवढंच मी शिकले होते. पण जगात काही जणांना शंका येऊ लागली होती की हा आजार मेंदूत जाणवायच्या कितीतरी आधी आतड्यात डोकावतो. आतड्याच्या अस्तराखाली मज्जातंतूंचं बारीक जाळं असतं. पुढं मेंदूत ज्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात, त्याच प्रथिनाच्या खुणा या जाळ्यात आधी उमटतात, असं म्हणत होते. ठरावीक रसायन लावलं की त्या तपकिरी दिसतात. म्हणजे हात थरथरायच्या आधी कित्येक वर्षं पोटात निशाणी झालेली असू शकते. खरंच असते का? माझ्या प्रबंधाचा प्रश्न तेवढाच.

त्यासाठी वीस रुग्ण शोधायचे होते, ज्यांना आज पार्किन्सन्स आहे आणि ज्यांच्या आतड्याचा तुकडा त्यापूर्वी कधीतरी आमच्या कपाटात आला आहे. हेडमास्तर त्यातले पहिले.

भूपाल मगदूम हे आमच्या लॅबमधले सर्वांत जुने टेक्निशियन. वय चोपन्न, काटक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. विभागप्रमुखांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. मेणाचा ब्लॉक बर्फावर थंड करून ते यंत्रावर चढवायचे आणि चाक फिरवायला लागायचे. पात्याखालून केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढी पातळ पट्टी निघायची, एकीला एक जोडून, रिबिनीसारखी. ओल्या ब्रशनं ती उचलून कोमट पाण्यावर सोडायची आणि पाण्याखालून काच घालून अलगद झेलायची. मी कापलं की रिबिनीला सुरकुत्या पडायच्या.

“श्वास सोडताना कापा मॅडम,” ते म्हणायचे, “घेताना नको. श्वास घेताना माणूस घाबरलेला असतो.”

हेडमास्तरांची स्लाइड तयार व्हायला दोन दिवस लागले. सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तेव्हा पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. निळसर अस्तर, त्याखाली सैल जाळी, रक्तवाहिन्या. मग एका कोपऱ्यात एक बारीकसा मज्जातंतू दिसला आणि त्याच्या कडेनं तपकिरी ठिपके. ओळीनं. चहाच्या गाळासारखे.

“मामा, इकडं या!”

त्यांनी डोळा लावला.

“म्हणजे हेडमास्तर शाळेत पोरांना शुद्धलेखन घालत होते तेव्हा हे आत होतं?”

“होतं.”

“आणि हात?”

“हात ठणठणीत. आणखी सात वर्षं.”

“अगं आई गं,” मामा म्हणाले आणि परत डोळा लावला.

त्या दिवसापासून प्रबंध माझा उरला नाही, आमचा दोघांचा झाला. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतून रुग्णांच्या फायली आणायचं काम शिपायाचं होतं, पण मामा स्वतः जाऊन आणायचे आणि दुपारी डबा खाऊन झाला की त्या वाचत बसायचे. मला विचारायचे, “मॅडम, या बाईंना दहा वर्षं आधीपासून बद्धकोष्ठ होता म्हणे. त्याचा संबंध आहे?”

“असू शकतो. आतड्याच्या नसाच मंदावतात.”

“आणि वास न येणं?”

“तेही. बऱ्याच जणांत आधी जातो.”

“आणि हे एक बघा. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं. तीन फायलींत आहे.”

“स्वप्नात माणूस जे करतो, ते अंगानंही करायला लागतो. एरवी झोपेत अंग सैल पडलेलं असतं, तसं पडत नाही.”

मामा मान डोलवायचे आणि फाईल मिटून ठेवायचे. मला त्यांच्या चौकसपणाचं कौतुक वाटायचं. इतकी वर्षं या माणसानं काचा केल्या आणि आत काय दिसतं ते दुसऱ्यांनी बघितलं. आता त्यालाही बघावंसं वाटतंय, एवढाच अर्थ मी लावला.

वीस रुग्ण सापडल्यावर तुलनेसाठी वीस निरोगी माणसं हवी होती. त्याच वयाची, त्याच सुमारास आतड्याचा तुकडा दिलेली आणि आजपर्यंत हा आजार नसलेली. ती यादी नाडगौडा मॅडमनी रजिस्टरवरून केली. सगळ्या चाळीस स्लाइडवर मामांकडून फक्त एक ते चाळीस आकडे लावून घेतले आणि कुठला आकडा कुठल्या ब्लॉकचा, तो कागद पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवला. मी बघताना मला कळता कामा नये की समोरचा रुग्ण आहे की निरोगी. कळलं की डोळा पक्षपात करतो. नीतिसमितीनं परवानगी देताना एक अट घातली होती: निकाल कुणालाही कळवायचा नाही. ही तपासणी अजून सिद्ध झालेली नव्हती आणि आजार थांबवणारं औषधही नव्हतं.

मध्येच एक अडचण आली. निरोग्यांपैकी एकाच्या ब्लॉकमधला टिश्यू कापता कापता संपला. नाडगौडा मॅडम घाईत होत्या. “मगदूम, त्याच सालचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा दुसरा एखादा पुरुष बघून ब्लॉक नंबर द्या मला,” असं म्हणून त्या मीटिंगला गेल्या. मामांनी नंबर दिला, मॅडमनी कागदावर दुरुस्ती केली आणि पाकीट परत बंद झालं.

तीन आठवडे मी रोज स्लाइडी बघितल्या. प्रत्येकीसमोर वहीत लिहायचं: नाही, एक, दोन किंवा तीन, जितक्या खुणा जास्त तितका आकडा मोठा. मामा येता-जाता विचारायचे, “कितीपर्यंत आलात?” मी आकडा सांगायचे. एकतिसावी झाली त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कँटीनमधून चहा आणला होता, हे मला नंतर आठवलं.

पाकीट उघडलं तो शुक्रवार होता. वीस रुग्णांपैकी तेरा जणांत खुणा होत्या. मॅडम खुर्चीत मागं रेलल्या आणि हसल्या. त्या क्वचितच हसायच्या. निरोग्यांत अठरा स्वच्छ. दोघांत मात्र खुणा होत्या: बारा नंबर आणि एकतीस नंबर.

“हे दोघं कोण ते रजिस्टरमध्ये बघ,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना दुसरा काही आजार होता का, ते लिहावं लागेल.”

कागदावर नुसते ब्लॉक नंबर होते. मी कपाटांच्या खोलीत जाऊन सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. बारा नंबर म्हणजे जयसिंगपूरच्या एक बाई, तेव्हा वय एकोणसत्तर. एकतीस नंबरसाठी पुढची पानं उलटली. ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं.

भूपाल जिनपाल मगदूम. पुरुष. ४८. शौचाच्या तक्रारीसाठी तपासणी. विशेष काही नाही.

नोंद त्यांच्याच अक्षरात होती. गोल, ठसठशीत, ओळ भरून जाणारं अक्षर. मी तिथंच उभी राहून बाजूच्या फळीवरचं चालू रजिस्टर ओढलं आणि कालचं पान उघडलं. अक्षर तेच होतं, वळणही तेच, पण बारीक. ओळीच्या सुरुवातीला बरं, शेवटाकडं जाईल तसं मुंगीएवढं. मधली पाच रजिस्टरं काढली. एकामागून एक उघडली. अक्षर वर्षागणिक लहान होत आलं होतं, इतक्या सावकाश की रोज बघणाऱ्याला कधी कळलंच नसतं.

बाहेरून यंत्राच्या चाकाचा आवाज येत होता. मामा कापत होते.

नाडगौडा मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

“सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“पण मॅडम, ते आपल्यातले...”

“म्हणून तर नाही. काय सांगणार तू? निरोग्यांतही कधीकधी खुणा दिसतात, हे इतरांनीही लिहिलंय. त्या जयसिंगपूरच्या बाईंना शोधून सांगणार आहेस का? नाही ना?”

“अक्षर बघितलंत तुम्ही?”

“बघितलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू न्यूरॉलॉजिस्ट नाहीस आणि मीही नाही.” त्या परत खुर्चीत बसल्या. “पद्मजा, एक विचारते. त्यांना कळायला हवं म्हणून सांगायचंय, की तुला एकटीला हे पेलत नाही म्हणून? आधी ते ठरव.”

मला ते ठरवता आलं नाही. पण मी बघायला लागले. ते चालायला लागले की दोन्ही हात हलतात का? डावा हलायचा, उजवा शर्टाच्या शिवणीजवळ राहायचा. पण त्या हातात बहुतेक वेळा ट्रे असायचा. एकदा मुद्दाम उग्र वासाच्या झायलीनची बाटली उघडी ठेवून विचारलं, “मामा, वास येतोय का?”

“मला कुठला वास?” ते हसले. “तीस वर्षं फॉर्मॅलिन हुंगलंय. नाक माझ्या आधी पेन्शनीत गेलंय.”

तेही खरंच असू शकत होतं. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचीच नाकं मेलेली. प्रत्येक गोष्टीला एक साधं कारण होतं आणि प्रत्येक गोष्टीला दुसरंही. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं तसंच कुतूहलही वाटत होतं. आपण बरोबर आहोत का, हे मला जाणून घ्यायचं होतं. त्या कुतूहलाची मला लाजही वाटायची. तरी मी बघतच राहिले.

पंधरा दिवसांनी मामांनी घरी जेवायला बोलावलं. “प्रबंधाचं काम झालं, म्हणून आमच्या घरचं जेवण. पण लवकर या मॅडम, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.”

घर मालगाव रस्त्याला, दोन खोल्या आणि पुढं पडवी. त्रिशलाकाकू, मामांच्या पत्नी, पोलक्याला पिनांचा झुबका लावलेल्या, हसऱ्या आणि बोलक्या. भाकरी, मुगाची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी. मामा हात धुवायला परसात गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, “मामा घरी आल्यावर दमतात का हो? झोप नीट लागते?”

“झोप कसली!” काकूंनी पदर बाजूला करून दंड दाखवला. निळा डाग होता. “हे परवाचं. स्वप्नात कुत्रं मागं लागलं म्हणे. त्याला लाथ मारली, ती मला. आता मी खाटेखाली अंथरूण घालते. वर्ष झालं असेल, नाही तर दीड.”

मी घास तसाच हातात धरून होते. वर बघितलं तर परसाच्या दारात मामा उभे होते. हात पुसत. काकूंकडे नाही, माझ्याकडे बघत.

जेवणं झाल्यावर ते मला रिक्षाच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. अजून उजेड होता. रस्त्याच्या कडेला एक फळवाला केळी झाकत होता. मामा शेजारून चालत होते आणि मी, सवयीनं, त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “पंधरा दिवस माझ्या हाताकडं बघताय. एकतीस ना?”

मी थांबले.

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच घातला. मॅडम पुरुष बघून नंबर द्या म्हणाल्या, मी माझा दिला. लेबलं मीच चिकटवली. एकतीस नंबर कुणाचा, ते पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे.”

“का केलंत मामा असं?”

“फायली वाचल्या ना मी. वीस माणसांच्या. बद्धकोष्ठ, मी. वास नाही, मी. झोपेत लाथा, मी. दर दुपारी डबा खाऊन माझीच फाईल वाचल्यागत व्हायचं. म्हटलं, तुकडा आपलाही आहे कपाटात. बघूया की काय म्हणतोय.”

“मग तुम्ही स्वतःच बघायचं होतंत. तुम्हाला येतं की ओळखता.”

“बघितली,” ते म्हणाले. “तीनदा काच भिंगाखाली घेतली. एकदा दिसायचं, एकदा दिसायचं नाही. स्वतःचं बघताना डोळा घाबरतो ओ. म्हटलं, कोरेमॅडमना बघू दे. त्यांना ठाऊक नाही कुणाचं ते, त्या खोटं बोलणार नाहीत.”

मला राग आला होता, रडू आलं होतं, आणि त्या क्षणीही हे सुचलं की या माणसानं माझ्या सबंध प्रबंधातली सगळ्यात चोख तपासणी स्वतःवर करून घेतली आहे.

“समितीची अट आहे,” मी म्हणाले. “निकाल सांगायचा नाही.”

“ठाऊक आहे. वाचलंय मी ते पत्र.” ते रस्त्याकडे बघत राहिले. “नका सांगू. रिक्षा आली तर बसा तुम्ही. मी काही वाईट वाटून घेणार नाही.”

रिक्षा आली. थांबली. मी रिक्षावाल्याला जा म्हणून हात केला.

“दिसलं मामा,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“एक, का दोन, का तीन?”

“दोन.”

“कुठं? मज्जातंतूच्या कडेनं, का मध्ये?”

“कडेनं. हेडमास्तरांसारखंच. पण मामा, याचा अर्थ आजार होणारच असा नाही. जयसिंगपूरच्या एक बाई आहेत, त्यांच्यातही...”

“उद्या दाखवा मला,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी आम्ही दोघं आलो. मी स्लाइड लावली, जागा नेमकी शोधून दिली आणि बाजूला झाले. मामांनी चष्मा काढून ठेवला, डोळा लावला आणि बारीक चाकावर बोट ठेवून नजर हळूहळू स्थिर केली. बाहेर मावशी फरशी पुसत होत्या, त्यांच्या बादलीचा आवाज येत होता.

“हे का?” त्यांनी विचारलं. “डावीकडं, रक्तवाहिनीच्या खाली?”

“हो.”

“सहा, सात, आठ,” ते मोजत होते. “आठ ठिपके.”

मग ते वर न बघता म्हणाले, “सेक्शन चांगला कापला गेलाय मात्र. एक सुरकुती नाही.”

मला हसू फुटलं. ते मात्र बघतच होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळा काढला. डोळ्याभोवती भिंगाचा लाल गोल उमटला होता.

“तुमचा अभ्यास मी नासवला,” ते म्हणाले. “ज्याला आधीच शंका आहे, तो निरोगी म्हणून कसा चालेल? एकतीस नंबर काढून टाका. नाडगौडा मॅडमना मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते. मॅडमचा आवाज चढलेला ऐकू आला, “तीस वर्षांत तुमचं एक लेबल चुकलं नाही मगदूम, आणि आता हे?” आणि मामांचा, शांत, “चुकलं नाही मॅडम. मुद्दाम लावलं.” मग मॅडमनी शिपायाला दोन चहा आणायला सांगितलं. मी अट मोडल्याचं त्यांना कळलं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “ठरवलंस वाटतं,” आणि परत तो विषय काढला नाही. प्रबंधात एकोणीस जोड्या राहिल्या. एक जोडी का वगळली, ते मी दोन ओळींत, नाव न घेता लिहिलं.

न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी मामांना तपासलं. अजून पार्किन्सन्स म्हणावं असं काही नाही, दर सहा महिन्यांनी येत जा, म्हणाले. मामा जात राहिले. मधल्या काळात त्यांनी दोन मुलींना हाताशी धरून कापायला शिकवलं, आणि मलाही, सुरकुती पडणार नाही असं. स्वतःची एक वही ठेवली. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात काय काय लिहायचे: शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागला, जिना चढताना पाय कुठं अडला, अत्तराच्या फायाचा वास आला का. चौथ्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. त्या महिन्याच्या पानावर त्यांनी तारीख घातली आणि पुढं लिहिलं, “आले.”

जयसिंगपूरच्या त्या बाईंची मी पुढं चौकशी केली. शहाऐंशीव्या वर्षी न्युमोनियानं गेल्या. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होत्या, असं त्यांच्या सूनबाई म्हणाल्या.

मामांचं निदान झालं तेव्हा मी भेटायला गेले. मामा औषध आणायला बाहेर गेले होते. त्रिशलाकाकूंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसल्या. हसल्या नाहीत.

“रागावलाय का काकू?” मी विचारलं.

“ह्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं काय, ह्यांना बघायला आवडतं. पण मी चार वर्षं ह्यांच्या हाताकडं बघत जेवले. भाकरी मोडताना बघायचं, पाणी पिताना बघायचं. आज काही दिसतंय का, आज काही दिसतंय का. तुम्ही सांगितलं नसतं, तर ती चार वर्षं चांगली गेली असती की ओ माझी.”

आजही, कुणी त्याबद्दल विचारलं, तर मी मामांचं सांगते आणि मग काकूंचं सांगते. दोन्ही सांगते आणि थांबते.

मामा निवृत्त झाले. मी त्याच खात्यात राहिले. नाडगौडा मॅडमही निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खोलीत मी बसायला लागले. तीन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी दारात काठी वाजली. मामा होते, मागं काकू. चालताना पाय घासत होते, चेहरा जरा लाकडी झाला होता, आवाज खाली गेला होता. डोळे तेच.

“न्यूरॉलॉजीत आलो होतो,” ते हळू बोलले. “म्हटलं, लॅब बघून जाऊ. सध्या काय नवीन चाललंय मॅडम?”

“नवीन म्हणजे, आता कातडीत बघतात, मामा. त्याच खुणा. मानेच्या मागून, मांडीवरून बारीकसा तुकडा घ्यायचा. आतड्यात दुर्बीण घालायला नको. आपल्याकडेही सुरू होतंय पुढच्या महिन्यात, पुण्याच्या लोकांबरोबर.”

“कातडीत!” ते खुर्चीच्या कडेवर सरकले. “कातडीतल्या नसांत? मग ते सगळ्यांत सोपं झालं की. आणि किती आधी दिसतं?”

“तेच बघायचंय. आजारी माणसंही हवीत आणि निरोगीही.”

“कोण देणार आहे?”

“अजून कुणी नाही.”

त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि शर्टाच्या वरच्या बटणाला हात घातला. बोटं बटणावरून घसरत होती. एकदा, दोनदा.

“आता आणखी काय शोधायचं राहिलंय तुमचं?” काकू म्हणाल्या.

“माझं काही नाही गं,” मामा म्हणाले. “ह्यांना हवंय.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “आज नाही मामा. आधी फॉर्म, सही, सगळं रीतसर. आणि काकूंनी नको म्हटलं तर नाही.”

मामांची बोटं अजून बटणापाशीच अडकली होती. काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पुढं झाल्या, त्यांचा हात बाजूला केला आणि बटण काढलं. कॉलर मागं ओढून मानेवरची जागा नीट मोकळी केली, हातानं पुसली.

“माझं पण घ्या,” त्या म्हणाल्या. “निरोगीही लागतात म्हणालात ना.”